शेजारच्या गावचा पाऊस

रिकामा रकाना आपल्याला बघवत नाही, हे तुम्हीही कबूल कराल. रेशनकार्डाचा फॉर्म असो की शाळेत नाव घालणं असो, ज्याचं उत्तर ठाऊक नाही तिथंही आपण काहीतरी लिहून मोकळे होतो. मुलाची जन्मतारीख? एक जून. धाकटीची? तीही एक जून. शाळांचे दाखले खरे मानले तर त्या एका दिवशी आपल्या दवाखान्यांत पाय ठेवायला जागा नसेल! आपण हसतो आणि पुढचा रकाना भरतो. कोणाचं काय बिघडतं?

नागपुरातल्या एका सरकारी कचेरीत श्रीधर डाखोळे हा कारकूनही एकोणीस वर्षं हेच म्हणत होता. फरक इतकाच, की तो जन्मतारखा भरत नव्हता. तो पाऊस भरत होता.

या कचेरीत गावोगावच्या पावसाच्या नोंदी येत. गावातल्या शाळेच्या नाहीतर चावडीच्या अंगणात एक पर्जन्यमापक असे. म्हणजे वर पत्र्याचं नरसाळं आणि आत पाणी साठायला बाटली. रोज सकाळी साडेआठला गुरुजी किंवा पटवारी त्यातलं पाणी मापून वहीत लिहायचे आणि महिनाअखेर पोस्टकार्ड टाकायचे. ती कार्डं श्रीधरच्या टेबलावर जमत. त्यांवरून तो मोठ्या कागदावर तक्ता तयार करी. अक्षर असं, की साहेबानं तक्ता उन्हाकडे धरून पाहावा आणि म्हणावं, "वा डाखोळे! एकही रकाना रिकामा नाही!"

नसणारच. एखाद्या गावाचं कार्ड आलं नाही तर काय करायचं, ते त्याला गणपतरावांनी नोकरीच्या पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. गणपतराव म्हणजे तेव्हाचे हेडक्लार्क. गालात सुपारी धरून ते म्हणाले होते, "बाजूच्या गावाचं कार्ड पाहायचं अन् तोच आकडा इकडे टाकायचा. पाऊस काय शीव पाहून पडते का बे? लाव शेजार."

या कामाला कचेरीत नावच पडलं होतं, शेजार लावणे. "आज किती शेजार लावले?" असं चहा पिताना एकमेकांना विचारत. हसत.

श्रीधरचं गाव हिवरमाळ, काटोलकडे. वडिलांनी लावलेली संत्र्याची दोनशे वीस झाडं तिथं होती. श्रीधर शिकून नागपूरला आला, सक्करदऱ्याला तळ्याच्या अलीकडे दोन खोल्यांत राहू लागला. बगीचा सांभाळला त्याच्या मोठ्या बहिणीनं, देवकीनं. ती तरुणपणीच विधवा होऊन माहेरी परतली होती. श्रीधर तिला 'बाई' म्हणे. दर वर्षी संत्री उतरली की बाईची एक करंडी बसच्या टपावरून सक्करदऱ्याला यायची. वर गवत, खाली संत्री, आणि मधे कुठंतरी फडक्यात बांधलेली मूठभर बोरं. श्रीधरला लहानपणी आवडायची म्हणून. तो आता अठ्ठेचाळीस वर्षांचा झाला होता, पण बोरांना ते कोणी सांगितलं नव्हतं.

हिवरमाळचा पाऊस मारोतराव गुरुजी मापायचे. वीस वर्षं त्यांनी एक दिवस चुकवला नाही. अडुसष्टच्या श्रावणात ते गेले. श्रीधर तेरवीला गेला, पंगतीत बसला, गुरुजींच्या आठवणीनं रडलाही. पुढच्या महिन्यात हिवरमाळचं कार्ड आलं नाही. का आलं नाही, ते साऱ्या कचेरीत त्याच्याइतकं पक्कं कोणाला ठाऊक होतं?

नवा मापणारा नेमायचा तर लांबलचक अर्ज, चार प्रती, दोन सह्या. 'पुढच्या महिन्यात करू,' असं म्हणून श्रीधरनं टेबलावरचं लोहारखाप्याचं कार्ड ओढलं. लोहारखापा म्हणजे हिवरमाळपासून सहा मैल, मधे एक टेकडी. तिथला आकडा त्यानं इकडे उतरवला. पुढचा महिना पुढेच राहिला. अकरा वर्षं झाली. शाळेतलं ते नरसाळं कंदिलात रॉकेल ओतायच्या कामी आलं. आणि कागदावर हिवरमाळला पाऊस पडत राहिला, लोहारखाप्याइतकाच, मोत्यासारख्या अक्षरात.

एकोणऐंशी साली पोळ्यानंतर हिवरमाळवर थेंब पडला नाही.

भाऊबिजेला श्रीधर गावी गेला तेव्हा बाईनं पाटाभोवती रांगोळी काढली होती, पण न्हाणीजवळ पाण्याची एकच बादली होती. ओवाळून झाल्यावर त्यानं खिशात हात घातला.

"ते राहू दे," बाई म्हणाली. "मले ओवाळणीत एक गोष्ट सांग. झाडं तोडू का ठेवू?"

"तोडतं काहून?"

"विहिरीत अर्ध्याच बगिच्यापुरतं पाणी हाये. अर्धी आता तोडली तर अर्धी जगतीन. सगळ्याइले थोडं थोडं पाजलं तर चैतापर्यंत सगळीच उपाशी मरतीन. झाडाले समजत नाई ना गा, की आपण वाटून खाऊन राहिलो. त्याची मुळं शेजारच्याचं पाणी ओढतच राह्यते."

"बाबांची झाडं हायेत बाई."

"म्हणून तर तुले विचारून राहिली. नाई तं कुऱ्हाड काय माह्या हाताले जड हाये?"

श्रीधरनं ओवाळणीच्या ताटातलं सुपारीचं खांड उचललं. त्याला मोठं माणूस झाल्यासारखं वाटत होतं. सरकारातला माणूस! "तोडू नको. टंचाईची यादी लागणार हाये. यादीत गाव आलं की विहीर खोल करायचं यंत्र येते, टँकर येते. हिवरमाळ आलंच समज. मी हाये ना तिथी."

"तू हाये," बाई म्हणाली. नुसतं म्हणाली. आणि त्याच्या कपाळावरचा कुंकवाचा टिळा पुसटला होता तो अंगठ्यानं पुन्हा ठळक केला.

श्रीधर खोटं बोलला का? नाही. त्याला खरंच तसं वाटत होतं. त्याला वाटलं, यादी करणारे गाव पाहतील, विहिरी पाहतील, पिकं पाहतील. आपला तक्ता काय, भिंतीवर लावायचा कागद! यादी करणाऱ्यांना वाटलं, पाऊस मापणारे पाऊस मापतच असतील. मग गावागावात जाऊन विहिरीत कशाला वाकायचं? हिवरमाळ तर बापजाद्यांपासून ओलं गाव म्हणून प्रसिद्ध, आणि तक्त्यातही आठशे सत्तर मिलिमीटर. असे सगळे एकमेकांच्या कागदावर विश्वासून निश्चिंत झाले होते. बंधुभगिनींनो, अशा निश्चिंतीत आपणही कितीदा झोपलो असू!

माघ महिन्यात यादी लागली. हिवरमाळचं नाव नव्हतं.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी सक्करदऱ्याच्या घरी श्रीधर जमिनीवर तक्ता पसरून बसला होता. वर्षअखेरीचा मोठा तक्ता, वीस वर्षांचा पाऊस एका कागदावर. काम घरी आणायची त्याला सवय होती. दारात बाई उभी राहिली. हातात करंडी नव्हती. खांद्यावर एक गाठोडं होतं.

श्रीधरची बायको यमुताई धावत पाणी घेऊन आली. "बसा बाई. उन्हातून आल्या. कळवलं असतं तं हे आले असते ना मोरभवनच्या स्टँडवर घ्यायले."

बाईनं अर्धा पेला प्यायला आणि उरलेलं पाणी दाराजवळच्या तुळशीत ओतलं. "नळाले रोज येते?"

"येते. दोन वेळ."

"मजा हाये बाप्पा तुमची," बाई म्हणाली आणि भिंतीला टेकून बसली. "श्रीधर, मले उद्या तुह्या साहेबाकडं ने. कागदावर नसन माहं गाव, तं मी त्याले दोर दाखवते."

"दोर?"

तिनं गाठोडं सोडलं. आत दोन दोर होते, वेटोळे घालून ठेवलेले. दोन्हींवर जागोजागी रंगीत चिंध्या बांधलेल्या.

श्रीधरनं एक दोर ओळखला. अक्षय तृतीयेला पितरांच्या नावानं नवी घागर भरतात, तिचं पाणी काढायला आई हाच दोर वापरायची. वर्षातून एकदाच. बाकी वर्षभर तो खुंटीला. बादली पाण्याला टेकली की हातात जिथं दोर असेल तिथं आई त्या वर्षीच्या लुगड्याची चिंधी बांधायची. बादलीच्या टोकाजवळ चिंधी म्हणजे पाणी वर. जितकी चिंधी त्या टोकापासून लांब तितकं पाणी खोल. आई गेल्यावर बाईनं ते चालू ठेवलं. घरातल्या कामांत हेही एक काम, बायकांचं, म्हणून श्रीधरनं कधी त्याच्याकडे पाहिलं नव्हतं.

"हा आपला. अन् हा लोहारखाप्याच्या गोपिकेचा. मागून आणला. देत नव्हती, म्हणे पितराचा दोर घराबाहेर नाई जात. म्या म्हटलं, पितरच पाणी मागून राह्यले वं, जाऊ दे."

तिनं दोन्ही दोर जमिनीवर शेजारी शेजारी लांब पसरले. तक्त्याला लागूनच. दोर दारापर्यंत गेले.

"हे पाय. ही हिरवी, पासष्टची. आपल्या गावात पाणी हे एवढं वर. गोपिकेची त्याच सालची ही पिवळी, पाय कुठी गेली! त्या साली तिच्या गावात भांडे घासाले पाणी नव्हतं. मंग ही सत्तरची माही जांभळी. खाली सरकली. गोपिकेची वर आली. एकाहत्तरले उलटं. बहात्तरले तं आठवते ना? तिकडं मराठवाड्यात लोक खडी फोडत होते. आपण गावातून ज्वारी धाडली. मले वाटलं, दुष्काळ तिकडचाच रहिवासी हाये. तो कोणाच्याच गावचा नाई गा, श्रीधर! तो फिरते. आज ह्या आळीत, उद्या त्या आळीत. मधी एक टेकडी असन तं तेवढ्यानंही वळते. सत्तरपासून पाय, आपल्या चिंध्या खालीच खाली चालल्या. मधी एकाहत्तर अन् पंच्याहत्तर सोडले तं. अन् तिच्या वर. बाबाच्या वक्ताले आपलं गाव ओलं होतं, तिचं कोरडं. आता फिरलं. पण लोक अजून जुनंच बोलते."

दोराच्या शेवटी वेगळ्या रंगाचा, नवा कोरा दोर जोडलेला होता. त्यावर एकच चिंधी. पांढरी.

"ही यंदाची. अक्षय तीज यायच्या आधीच बांधली. दोर पुरला नाई. तीन हात जोड द्यावा लागला."

यमुताईच्या तोंडाला पदर गेला. श्रीधर दोराकडे पाहत नव्हता. तो गुडघ्यानं हळूच तक्ता सरकवत होता, मागे, खाटेखाली.

बाईचं लक्ष गेलं. चौथीपर्यंत शिकलेली ती, पण आकडे दिसले की वाचल्याशिवाय तिला राहवत नसे, बसच्या तिकिटावरचेही. "हे काय हाये? पावसाचं? थांब. दोर अन् कागद संगंच पाहू. साहेबाले समजवाले सोपं जाईन."

"बाई, ते राहू दे—"

"हिवरमाळ." तिचं बोट रकान्यावर आलं. "लोहारखापा." दुसरं बोट शेजारी. "बासष्ट, त्रेसष्ट... हो, येगयेगळं हाये. बरोबर. एकोणसत्तर, एक हजार बारा. अन् हे बी एक हजार बारा? सत्तर, नऊशे चाळीस. नऊशे चाळीस." बोटं खाली उतरत गेली, जोडीनं. आवाज बारीक होत गेला. "एकोणऐंशी. आठशे सत्तर. आठशे सत्तर."

बाहेर कल्हईवाला ओरडत गेला.

"अकरा सालात एकदाही फरक नाई," बाई म्हणाली. "दोन जुळ्या पोराइची उंची बी इतकी सारखी नसते, श्रीधर. आमच्या गावचा पाऊस कोण मापते?"

श्रीधरनं तक्त्याचा कोपरा पुन्हा खाटेकडे ओढला.

"गुरुजी मेले तवापासून कोण मापते? म्या तं कोणाले पायलं नाई."

"कोणी नाई," श्रीधर म्हणाला.

"मंग हे कोणं लिहिलं?" असं विचारता विचारताच तिनं कागद उचलून डोळ्यांजवळ धरला. आणि तिला उत्तर मिळालं. ते अक्षर तिला ओळखू येणार नाही? त्या अक्षराला वळण लागावं म्हणून तिनंच तर पाटीवर बोट धरून गिरवून घेतलं होतं! आठशे सत्तरमधल्या साताचं शेपूट थोडं डावीकडे वळायचं. लहानपणीही वळायचं.

"तू," ती म्हणाली.

"बाई, कचेरीत सगळेच करते. कार्ड नाई आलं तं शेजारचा आकडा... पद्धत हाये ती. मले काय ठाऊक, त्यावरून यादी—"

"तू तेरवीले जेवून गेला होता. माह्या हातचे वडे खाल्ले तू."

"चुकलं बाई."

"भाऊबिजेले म्या काय मागतलं होतं तुले? एक शब्द मागतला. तोडू का ठेवू. तू म्हटलं, ठेव. म्या चार महिने दोनशे वीस झाडाइले वाटीवाटीनं पाणी पाजलं. आता एकही धड नाई." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर श्रीधरला बरं वाटलं असतं. "पावसाचा राग नाई ये मले. नाई पडला, नाई पडला. पाऊस काय माहा भाऊ हाये?"

ती दोर गुंडाळू लागली. आधी गोपिकेचा, नीट, वेटोळ्यावर वेटोळं घालून. मग आपला.

"बाई, ठाऊक नसलं तं काय लिहू? रकाना रिकामा सोडू?" श्रीधर जवळजवळ रडत म्हणाला. "साहेब म्हणते, वरून विचारते, रिकामं काहून हाये!"

"तेच तं पायजे होतं!" बाई पहिल्यांदा जोरात बोलली. "रिकामं पाहून कोणीतरी विचारलं असतं, काहून रिकामं हाये? मंग कोणी आलं असतं. विहिरीत वाकून पायलं असतं. ठाऊक नाई म्हणणाऱ्या माणसाकडं लोक चौकशीले येते, श्रीधर. तू तं सांगून टाकलं, सारं बरोबर हाये. आता माह्या दारी कोण येईन? तू माह्या गावचा दुष्काळ झाकला. शेजारच्या गावचं पाणी टाकून झाकला!"

यमुताईनं जेवायला थांबवलं, पण ती थांबली नाही. साहेबाकडेही गेली नाही. "दोराले आता काय दाखवू, भावाच्या अक्षरापुढं?" एवढंच ती दारात म्हणाली आणि चार वाजताच्या बसनं गेली.

श्रीधर तक्त्यापुढे बसून राहिला. सगळे रकाने भरलेले होते. किती सुंदर दिसत होता तो कागद!

सोमवारी त्यानं जुन्या कार्डांचे गठ्ठे काढले आणि तांबड्या शाईची बाटली. ज्या ज्या महिन्यात कार्ड नव्हतं आणि आकडा होता, तिथं तिथं तो आकडा खोडून लिहू लागला, 'नोंद नाही'. मंगळवार, बुधवार तेच. गणपतराव निवृत्त झाले होते, पण त्यांच्या जागी आलेले मनोहरराव हेडक्लार्क चहाचा कप घेऊन आले आणि कप तसाच धरून उभे राहिले.

"डाखोळे, पागल झाले का तुम्ही? तक्ता कांजण्या आल्यासारखा दिसून राहिला!"

"माझ्याकडे एकशे अठरा गावं आहेत, मनोहरराव. त्यातल्या तेवीस गावांत कित्येक वर्षं कोणी पाऊस मापलेलाच नाही. एका गावात तर पर्जन्यमापकावर गोठा बांधला आहे."

"तं? इतकी वर्षं चाललं ना?"

"कोणाचं चाललं?" श्रीधरनं विचारलं.

तक्ता घेऊन तो साहेबापुढे उभा राहिला. साहेब वाईट नव्हते. त्यांनी चष्मा काढला, तक्ता पाहिला, तांबडे डाग मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. "मी हा असा वर पाठवू? मला विचारतील, ही भोकं कसली?"

"सांगावं साहेब, की ही भोकं पहिल्यापासूनचीच आहेत. मी त्यांवर कागद चिकटवत होतो."

"तुमच्यावर ठपका येईल, डाखोळे. बढती तर विसराच."

"हो साहेब."

"अन् एवढं करून तुमच्या गावाला काही मिळणार नाही. यादी बंद झाली आहे."

"ते बी ठाऊक आहे साहेब." कचेरीत तो नेहमी शुद्ध बोलायचा. त्या दिवशी ते जमलं नाही. "पण माह्या अक्षराले एकदा तं खरं बोलू द्या."

तक्ता वर गेला. ठपका आला. बढती गेली. वाचकांना वाटत असेल की मग चमत्कार झाला, यंत्र आलं, विहिरीला पाणी लागलं. तसं व्हायला हवं होतं खरं. पण उशिरा सुचलेल्या खरेपणाला मागचे महिने परत आणता येत नाहीत, आणि झाडांना सरकारी खुलासा वाचता येत नाही.

आठ दिवसांची रजा घेऊन श्रीधर हिवरमाळला गेला. बाई बगिच्यात होती. एका हातात चुन्याचं गाडगं आणि दुसऱ्यात कुंचा. जी झाडं वाचण्याजोगी होती त्यांच्या बुंध्याला ती पांढरा पट्टा ओढत होती. विहिरीजवळच्या तीन ओळी आणि इकडेतिकडे काही. त्यानं मोजली नाहीत, तिनंच सांगितलं, "पंचावन्न. दिवाळीले तोडली असती तं एकशेदहा वाचली असती."

त्यानं कुऱ्हाड उचलली.

आठ दिवस दोघं एका बगिच्यात काम करत होती. तो तोडत होता, ती पाणी घालत होती. जेवायला ती भाकर वाढायची, कांदा फोडून ठेवायची आणि आत जायची. हाताला फोड आले तेव्हा हळद-तेलाची वाटी त्याच्या खाटेजवळ आली. वाटी ठेवणारी मात्र बोलली नाही. निघताना तो पाया पडला. तिनं डोक्यावर हात ठेवला, आशीर्वाद दिला, तोही सर्वांना देतात तो.

"बाई, गावात पुन्हा पर्जन्यमापक बसवायचा हाये. मापणारं माणूस पायजे. रोज सकाळी साडेआठले. मी तुहं नाव देऊ?"

तिनं कापलेल्या बुंध्यांकडे पाहिलं. "दे," ती म्हणाली. "तुह्यासाठी नाई."

मृगाच्या आधी नवं नरसाळं आलं. बाईच्या अंगणात, झाडाबिडाची सावली न येईल अशा जागी बसलं. जूनअखेर श्रीधरच्या टेबलावर हिवरमाळचं कार्ड पडलं. अकरा वर्षं दहा महिन्यांनी! त्यानं ते दोन्ही हातांनी धरलं. वर लिहिलं होतं, 'मा. साहेब यांस'. खाली, 'आपली, देवकी'. मधे तीस आकडे. घरचं एक अक्षर नाही.

असंच ऐंशीचं साल गेलं. दर महिन्याला कार्ड यायचं, मा. साहेबांना. करंडी आली नाही. संत्र्यांना कारण होतं, पंचावन्न झाडं अजून सावरत होती. बोरांना काय कारण असणार?

मधल्या काळात त्या तेवीसांतल्या एकोणीस गावांत नवे मापणारे बसले. कोणी पोस्टमास्तर, कोणी अंगणात चुलीशी बसणारी बाई. दोन वर्षांचा खराखुरा पाऊस जेव्हा श्रीधरनं तक्त्यावर मांडला तेव्हा साहेबही खुर्ची सोडून आले. एकाच तालुक्यात एक गाव चिंब आणि दहा मैलांवरचं तहानलेलं. पुढच्या वर्षी ते उलटं. जिथं सरासरी पाहून 'पाऊस समाधानकारक' असं लिहून मोकळे व्हायचे, तिथं आता पाच-सहा कोरड्या गावांची नावं स्पष्ट दिसत होती. हिवरमाळ त्यात होतं. एक्क्याऐंशीच्या हिवाळ्यात तिथं विहीर खोल करायचं यंत्र गेलं.

ब्याऐंशीच्या जुलैत यमुताईचं पोटाचं ऑपरेशन झालं, धंतोलीतल्या दवाखान्यात. कोणी कळवलं कोण जाणे, पण सकाळी श्रीधर डबा घेऊन गेला तर खाटेशेजारी स्टुलावर बाई बसलेली. यमुताईचे केस विंचरत होती. श्रीधरला पाहून तिनं फणी थांबवली नाही. संध्याकाळच्या बसनं परत गेली.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात हिवरमाळचं कार्ड आलं. श्रीधर आकडे उतरवू लागला. चौदा तारीख, बावीस. पंधरा तारीख, शून्य. सोळा तारीख, नऊ. सतरा तारखेला काहीच नव्हतं. शून्यही नाही. चौकोन कोरा.

सतरा तारखेला ती धंतोलीत होती.

लोहारखाप्याचं कार्ड तिथंच पडलं होतं. सतरा तारीख, एकतीस. एकोणीस वर्षांची सवय मोठी असते. श्रीधरचा हात आपसूक त्या कार्डाकडे गेला आणि मग त्याला कोऱ्या चौकोनाच्या बाजूला, कार्डाच्या कडेला, उभी लिहिलेली बारीक ओळ दिसली. 'पाऊस पडला म्हणते. म्या मापला नाई. श्रीधर, इथी काही भरू नको.'

मा. साहेब नव्हे. श्रीधर!

दोन वर्षांत पहिल्यांदा तिनं त्याला नावानं हाक मारली होती. त्यानं चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि तक्त्यावर सतरा तारखेच्या घरात तांबड्या शाईनं लिहिलं, 'नोंद नाही'.

मित्रांनो, दुष्काळ एका जागी बसत नाही. तो गाव बदलतो, वर्ष बदलतो. काल ओलं म्हणून गाजलेलं गाव आज कोरडं असतं. त्याला गाठायचं तर दर वर्षी, दर गावी, विहिरीत वाकूनच पाहावं लागतं. शेजारच्या गावचा पाऊस उधार आणून कोणाची तहान भागत नाही, आणि जे आपल्याला ठाऊक नाही ते ठाऊक असल्यासारखं लिहिणं म्हणजे हाक मारणाऱ्याच्या तोंडावर हात ठेवणं आहे. उद्या तुमच्यासमोर एखादा फॉर्म येईल, एखादी नोंदवही येईल. ठाऊक नसेल तिथं लिहा, ठाऊक नाही. लाज वाटेल थोडी. वाटू द्या.

त्या वर्षी संत्री उतरली तेव्हा सक्करदऱ्याला करंडी आली. यमुताईनं गवत बाजूला केलं. संत्री लहानच होती. श्रीधरनं त्यांना हात लावला नाही. तो आधी खाली, मधे, कोपऱ्यात चाचपडत राहिला. बोटांना फडक्याची गाठ लागेपर्यंत.